रानभाज्यांचा महोत्सव आणि आपली सेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी चार दिवसांपूर्वी मला सांगितले की, रानभाजी महोत्सवाची आखणी आपण कशी करतो त्यावर तू बोल. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु गेली तीन वर्षे महोत्सवाची वही माझ्याकडे आहे. किती पीठ लागले, किती ताटे गेली, कोणाच्या हातावर किती पैसे ठेवले, हे सारे त्या वहीत आहे. तेव्हा मी आपले वहीतलेच सांगते. शेवटी मंडळापुढे माझे एक मागणेही आहे. ते पटले नाही तर तसे स्पष्ट सांगावे, पण आधी ऐकून घ्यावे.

असे महोत्सव आता बऱ्याच ठिकाणी होतात. राज्याचे कृषी खाते ऑगस्टात, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि शहरातल्या मंडळींना आपली नाचणी-वरी आठवली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावठी बियाणे जपले म्हणून २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पुस्तकात नसलेली विद्याही विद्याच असते, हे त्यामुळे चारचौघांत मान्य झाले. आमच्यासारख्या कमी शिकलेल्या बायांना त्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आता आखणीकडे वळते.

पहिली गोष्ट तारखेची. पहिल्या वर्षी समितीत बोलणे निघाले की, जुलैचा पहिला रविवार धरावा, पाहुण्यांना तो सोयीचा आहे. वाडीवरच्या एक कातकरी आजी भाजी विकायला आमच्या दाराशी येतात. त्यांना मी हे सांगितले, तर त्या हसल्या. म्हणाल्या, “ताई, लावणीत कोण येईल? लावणी उरकू द्या, मग बोलवा.” आपल्या रायगडात जुलैभर भातलावणी चालते. तेवढेच दिवस त्यांना रोज भरवशाची मजुरी मिळते. ती सोडून आपल्या मांडवात त्यांनी का यावे? शिवाय रानाचेही वेळापत्रक असते. शेवळे पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. टाकळा कोवळा असतो तोवरच गोड लागतो. करटुली मिळतात श्रावणात. म्हणून आपण लावणीनंतरचा आणि गणपतीपूर्वीचा, असा श्रावणातला दुसरा रविवार ठरवला. त्या दिवसांत घरोघर शाकाहार असतो, त्यामुळे जेवायला येणारेही पुष्कळ.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाडीवरची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. लावणी झाली की कापणीपर्यंत हाताला काम तुटक असते. त्या दिवसांत रानातला पाला हेच त्यांचे कालवण. आपण ज्याचा महोत्सव करतो, ते त्यांचे अडीअडचणीचे अन्न आहे. ही जाण ठेवली की पुढचे बरेचसे आपोआप सुचते.

दुसरी गोष्ट पारखीची. रानभाजी म्हणजे रानात दिसला तो हिरवा पाला नव्हे. रानअळूने घसा खाजतो, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून त्यात चिंच किंवा आमसूल घालून ते नीट शिजवावे लागते. शेवळांत काकडाची आंबट फळे घालतात तीही याचसाठी. बांबूचा कोवळा कोंब चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी पाणी बदलून उकडायचा आणि ते पाणी टाकून द्यायचे. कच्च्या कोंबात अंगाला बाधणारा अंश असतो. भारंगीचा पाला कडू, तो उकडून पिळून घ्यावा लागतो. हे सारे वाडीवरच्या बायांना लहानपणापासून ठाऊक असते. तरीही आपण नियम ठेवला आहे की, आलेली प्रत्येक टोपली वाडीवरच्या दोन वडीलधाऱ्या बाया पाहतील, त्यानंतर महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक पाहतील, आणि ज्या भाजीवर तिघांचे एकमत नाही ती चुलीवर चढणार नाही. ज्यांना ते खाणे नवे आहे त्यांनी थोडेच खावे, असेही आपण पाटीवर लिहितो.

त्याच पाटीवर भाजीचे नाव, कोणता भाग खायचा, कसा शिजवायचा आणि भाजी कोणी खुडून आणली, एवढे असते. खुडणारीचे नाव लिहावे ही कल्पना आपल्या खजिनदारबाईंची. गेल्या वर्षी एका पाटीपाशी एक म्हातारी बाई बराच वेळ उभी होती. तिला वाचता येत नव्हते. नातीने बोट ठेवून दाखवले, “हे बघ आजी, तुझे नाव.” म्हातारी काही बोलली नाही, पदराने पाटीवरचा पावसाचा थेंब तेवढा पुसला.

“सर्वांत जास्त भाज्या आणणारीला बक्षीस” ही कल्पनाही सभेत आली होती, ती आपण घेतली नाही. एके ठिकाणी असे बक्षीस ठेवले होते. संध्याकाळी तिथे जुड्यांचे ढीग सुकून पडलेले मी स्वतः पाहिले. करटुलीचा वेल खाली कंद राहिला तरच पुढच्या पावसात फुटतो. शेवळ म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. सगळे खुडले तर बी कुठून धरणार? वाडीवरच्या बाया खुडताना काही मागे ठेवतात. बक्षिसाच्या नादाने आपण त्यांची ती चांगली सवय मोडू नये.

तिसरी गोष्ट मापाची. आपण गेल्या वर्षी ३०० ताटांची कुपने काढली. ताटाला दीड भाकरी धरली, म्हणजे ४५० भाकऱ्या. किलोभर तांदळाच्या पिठाच्या दहा भाकऱ्या होतात, तेव्हा ४५ किलो पीठ लागले. सरावाची बाई तासाला २५ भाकऱ्या भाजते. सहा चुली मांडल्या, तर तीन तासांत काम होते. जेवण साडेअकराला सुरू करायचे म्हणून चुली आठाला पेटल्या. पालेभाजीचा हिशेब मात्र वेगळा, पातेलेभर पाला शिजून वाटीभर होतो. म्हणून ताटात पालेभाजी दोन चमचे, आणि करटुली, डाळ व भात पोटभर, असे ठरवले. कुपने आठ दिवस आधी विकली म्हणजे अंदाज चुकत नाही आणि अन्न वाया जात नाही. विक्री करायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, तात्पुरत्या दुकानालाही. तो अर्ज महिनाभर आधी करावा.

स्वयंसेविका आपण बावीस होतो. वाढायला सहा, भांड्यांना पाच, केरकचऱ्याला चार, पाण्याला तीन, कुपनांना दोन, पाहुणे आणि लहान मुले यांच्याकडे दोन. वाढायला सगळ्यांना आवडते, भांड्यांना कोणी पुढे येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. अध्यक्षबाईंच्या नावाने भांड्यांची चिठ्ठी निघाली, आणि त्यांनी पदर खोचून दुपारी चारपर्यंत भांडी घासली. ही गोष्ट मी त्यांच्यासमोर सांगते आहे, त्या रागावणार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिले, तिच्याकडे येते.

पहिल्या वर्षीच्या सभेत दोन प्रश्न निघाले होते. एक असा की, वाडीवरच्या बायांना पैसे कशाला द्यायचे? आपण सगळ्या फुकट राबतो, त्यांनीही सेवा म्हणून यावे, त्यांच्या भाज्यांना नाव मिळते आहे. दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात निघाला. त्यांनी भाज्या आणून द्याव्यात, रांधू आपण. त्यांच्या हातचे लोक जेवतील का?

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. मांडववाल्याला आपण कधी म्हणतो का, की तुझ्या मांडवाचे नाव होईल, तू फुकट घाल? मी दिवसभर मंडळाचे काम केले तरी संध्याकाळी माझ्या घरची चूल पेटते, कारण घरात मिळवते माणूस आहे. जिचे पोट हातावर, तिचा एक दिवस गेला की त्या दिवसाचे मीठमिरची गेले. सेवा ही ज्याला परवडते त्याने करायची असते. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून ती मागून घेतली, तर तिला वेठ म्हणावे लागेल, आणि वेठीचे दिवस वाडीवरच्या आज्यांनी त्यांच्या आज्यांकडून ऐकलेले आहेत. म्हणून राबायचे आपण आणि रोज त्यांना द्यायचा, असे मी मांडले. फार वाद झाला. शेवटी दोन मतांनी ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या प्रश्नावर वाद झाला नाही, गप्प बसणेच झाले. त्या गप्प बसण्याचे मला जास्त वाईट वाटले. तेव्हा आपल्या सर्वांत वयस्क सभासद, ज्यांना आपण सगळ्या काकू म्हणतो, त्या एवढेच म्हणाल्या, “ज्यांच्या हातची भाजी घेतो, त्यांच्या हातचे कालवण का नको?” मग रांधायचे त्यांनी, असे ठरले. सगळ्या जेवल्या असे मी म्हणणार नाही. काहीजणींनी कुपन घेतले आणि घरी काम आहे म्हणून निघून गेल्या. त्यांची नावे वहीत नाहीत आणि मी ती काढणारही नाही. पहिल्या वर्षापेक्षा गेल्या वर्षी अशा जाणाऱ्या कमी होत्या, एवढे मात्र मी पाहिले आहे.

गेल्या वर्षीचा हिशेब सांगते. १२० रुपयांची ३०० ताटे, जमा ३६,००० रुपये. वाडीवरच्या चौदा बायांना, सहा भाकरीला आणि आठ भाजीला, लावणीचा जो रोज तोच, ४५० रुपयांप्रमाणे, ६,३०० रुपये. भाज्यांची किंमत वेगळी, ७,२०० रुपये. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मसाला ९,५०० रुपये. मांडव, भांडी, सरपण, पाणी आणि पत्रावळी ८,००० रुपये. एकूण खर्च ३१,००० रुपये. शिल्लक ५,००० रुपये, त्यातले निम्मे वाडीच्या बचत गटाला आणि निम्मे मंडळाला. रोज देऊनही मंडळ तोट्यात गेले नाही, हे ज्यांना शंका होती त्यांनी पाहावे. वही मी सोबत आणली आहे.

आता मागणे. आतापर्यंत आपण सभेत ठरवतो आणि मग वाडीवर निरोप धाडतो. तारीख, भाजीचा भाव, ताटात काय वाढायचे, सगळे आपण ठरवतो आणि त्या मान डोलावतात. आपल्यासमोर “नाही” म्हणायला त्यांना अवघड जाते. त्या दाराशी भाजी घेऊन आल्या तेव्हा मी विचारले, म्हणून लावणीची गोष्ट कळली. असे दाराशी विचारण्यावर दरवर्षी कसे विसंबावे? माझे म्हणणे असे की, या वर्षापासून महोत्सवाच्या समितीत वाडीवरच्या दोघी असाव्यात. सभा त्यांच्या सवडीने, संध्याकाळी घ्यावी, आणि दोन महिने आधी घ्यावी. एखादी सभा वाडीवरच भरवावी. सतरंजीवर सगळ्यांनी एका रांगेत बसावे. त्या सभेचा त्यांचा वेळ जातो, म्हणून जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने द्यावा. त्यांना लिहिता येत नसेल तर मी लिहीन. मलाही कोणीतरी शिकवलेच ना?

कोणी म्हणेल, त्या सभेत बोलणार नाहीत. पहिल्या सभेत नसतील बोलत. मी या मंडळात आले तेव्हा वर्षभर चहाचे कप उचलण्यापलीकडे काही केले नव्हते. आपण मला बसू दिलेत, हळूहळू विचारू लागलात, आणि आज माझ्याकडून भाषण करवून घेता आहात.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव लेखी मांडणार आहे. अनुमोदनासाठी एका भगिनीचे नाव हवे आहे. कार्यक्रमानंतर मी वही घेऊन दाराशी बसेन, हिशेब ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा, आणि नाव द्यायचे असेल त्यांनी द्यावे.