जपानी गोष्टी वाचताना

सोमाटण्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल ते जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या टोलनाक्यामुळे. पण मावळातल्या या गावात वाचणारी माणसेही आहेत. आम्ही आठदहा जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो. त्यांत दोन प्राथमिक शिक्षक आहेत, एक निवृत्त गुरुजी आहेत, किराणा दुकान सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. जपानी साहेबांच्या हाताखाली कारखान्यात काम करणारा एक तरुण आहे. आणि डोळे अधू झाल्यामुळे नुसत्या ऐकायला येणाऱ्या एक आजी आहेत. गेले वर्षभर आम्ही जपानी गोष्टी वाचल्या. काही मराठीत मिळाल्या. बाकीच्या इंग्रजीत होत्या; त्या शिक्षकांनी वाचून दाखवल्या, सांगितल्या. त्यावर जी मते पडली ती आज आपल्यापुढे ठेवायची आहेत.

सुरुवात अर्थातच ‘तोत्तोचान’पासून झाली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना या पुस्तकाची ओळख करून द्यायला नको. तेत्सुको कुरोयानागी यांनी १९८१ साली लिहिलेले हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणले आणि ते कितीतरी शाळांच्या कपाटात जाऊन बसले. आगगाडीच्या डब्यात भरणारी तोमोए ही शाळा, नव्या मुलीचे बोलणे पहिल्याच दिवशी चार तास ऐकून घेणारे कोबायाशी सर, आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळून गेलेली ती शाळा. गुरुजी म्हणाले, “ही काही कादंबरी नव्हे. या तर आठवणी झाल्या.” बरोबरच आहे ते. पण ह्या पुस्तकाने आमच्याकडच्या वाचकाला जपानी माणसाच्या घरात नेऊन बसवले, हेही तितकेच खरे.

कादंबऱ्यांकडे वळलो आणि मतभेद सुरू झाले. हारुकी मुराकामी हे आज जगभर वाचले जाणारे जपानी लेखक. त्यांची ‘काफ्का ऑन द शोअर’ ही कादंबरी जपानीत २००२ साली आली. तिच्यात नाकाता नावाचा एक म्हातारा मांजरांशी बोलतो आणि एके दिवशी आभाळातून माशांचा पाऊस पडतो. आमचे एक शिक्षक पदवीधर आहेत. ते वैतागून म्हणाले, “याला अर्थ काय? आणि शेवटी उलगडा कुठे होतो?” त्यावर आजी बोलल्या, “अहो, श्रावणातल्या कहाण्यांत नागोबा बोलतो, नदी वाट देते, तिथं तुम्ही उलगडा मागता का?” आजी शाळेत चौथीपर्यंतच गेलेल्या, पण त्या कादंबरीच्या दारातून सहज आत शिरल्या. शिकलेला माणूस मात्र उंबऱ्यावरच अडला. मला वाटते, खेड्यातल्या वाचकाला हे साहित्य जड जाईल असे जे शहरात धरून चालतात, त्यांनी आजींचे ऐकावे.

दुसरी तक्रार किराणा दुकानाच्या बाईंची. “या पुस्तकांतल्या माणसांना काका, मामा, आत्या कुणी नाहीतच का? एकटाच राहतो, एकटाच भात शिजवतो, एकटाच जेवतो.” ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. जपानच्या मोठ्या शहरांतला एकटेपणा हा तिथल्या आजच्या कादंबरीचा एक मोठा विषयच होऊन बसला आहे. पण सोमाटणे फाट्यावर आणि तळेगावाकडे आता उंच इमारती झाल्या आहेत. त्यांतल्या भाड्याच्या खोलीत परगावचा मुलगा तीन पाळ्यांत काम करून राहतो. त्याला ही माणसे परकी वाटत नाहीत. कारखान्यातल्या तरुणाला सर्वांत जास्त भिडली ती सायाका मुराता यांची कादंबरी. तिचे जपानी नाव ‘कोन्बिनी निन्गेन’, आणि २०१६ साली तिला आकुतागावा पारितोषिक मिळाले. नायिका केइको छत्तीस वर्षांची आहे. चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका दुकानात तिने अठरा वर्षे काढली आहेत, आणि तिथेच तिला आपण नीट माणूस आहोत असे वाटते. नातेवाईक मात्र लग्न कर, चांगली नोकरी धर, म्हणून मागे लागलेले. “नातेवाईक आहेत की हो इथे!” बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

शिक्षकमंडळींना मात्र मी सांगेन की योको ओगावा यांची गणिताच्या आचार्यांवरची कादंबरी मिळवून वाचा. ती जपानीत २००३ साली आली. अपघातानंतर आचार्यांची स्मरणशक्ती फक्त ऐंशी मिनिटे टिकते. घरकाम करायला येणारी बाई त्यांना रोज सकाळी नवीच असते. पण आकड्यांशी त्यांची मैत्री अभंग. बाईंचा वाढदिवस २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. आचार्यांना बक्षीस मिळालेल्या घड्याळावरचा क्रमांक २८४. २२० ला निःशेष भागणाऱ्या, त्याहून लहान सर्व संख्यांची बेरीज करा, २८४ येते. २८४ ची तशीच करा, २२० येते. आमच्या शिक्षकांनी हे सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडले. मुलांनी पुढच्या तासाला आपापले वाढदिवस आणले. मित्रसंख्या कुणाला सापडली नाही, पण ज्याचा वाढदिवस २८ तारखेचा त्याची चैन झाली. कारण १, २, ४, ७ आणि १४ यांची बेरीज २८ होते, म्हणजे ती पूर्ण संख्या!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या बैठकीत लोक ज्याला ‘जपानी कोरडेपणा’ म्हणत होते, तो पुष्कळदा जपानचा नसून वाटेतला आहे. मराठीत जपानी कादंबरी येते ती बहुधा इंग्रजीच्या दारावरून वळसा घालून. आणि गंमत अशी, की घडणीने जपानी वाक्य इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहे. आपल्यासारखेच क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यये नामानंतर, आणि कर्ता समजण्यासारखा असला तर तो गाळायचा. घरातून निघताना जपानी मुलगा म्हणतो, “इत्ते किमास्”. शब्दशः अर्थ, ‘जाऊन येतो’! आपणही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इंग्रजीत याचे ‘मी निघालो’ अशा अर्थाचे काहीतरी करावे लागते, आणि तेच पुढे मराठीत उतरते. दोन्ही घरांत असलेला शब्द मधल्या मुक्कामी हरवतो.

भाताचेच पाहा. इंद्रायणी तांदूळ ज्या वडगावच्या संशोधन केंद्राने दिला, ते आमच्याच तालुक्यातले. त्यामुळे या बाबतीत आम्ही जरा हळवे आहोत. जपानीत शेतातले उभे पीक म्हणजे ‘इने’, कोठीतले धान्य ‘कोमे’, पानात वाढलेला तो ‘गोहान’. आपल्याकडे शेतात भात, कांडला की तांदूळ, शिजला की पुन्हा भात. इंग्रजीत या सगळ्याला मिळून एकच राइस. शिवाय ‘गोहान’ म्हणजे नुसता भात नव्हे, जेवणसुद्धा. स्वयंपाकघरातून आई “गोहान!” अशी हाक देते, तिचा अर्थ “जेवायला या रे!” हीच हाक इंग्रजीवाटे आली की होते, “रात्रीचे जेवण तयार आहे.” कोणती मावळी आई असे बोलते? थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना जपानीत वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोघेही ब्रदर. मग मराठी अनुवादकाने दादा लिहायचे की नाव घेऊन हाक मारायची, हे अंदाजाने ठरवायचे. आणि गाळलेल्या मजकुराचे काय? मुराकामींच्या ‘वाइंड-अप बर्ड’ या मोठ्या कादंबरीचा १९९७ साली इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा त्यातली काही प्रकरणे वगळली होती. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला ती कुठून मिळणार?

यावर गुरुजींनी एक खोडा घातला, तो सांगितला पाहिजे. ते म्हणाले, “शिरीष पै यांनी हायकू इंग्रजीतूनच वाचला, तरी मराठीत तो रुजला ना?” रुजला, यात शंका नाही. पण पै यांनी भाषांतरावर थांबून न राहता स्वतःच्या अंगणातला पाऊस आणि पाखरे हायकूत आणली. कादंबरीच्या अनुवादकाला ती मोकळीक नाही. त्याला दुसऱ्याचेच अंगण दाखवायचे असते.

आणि जपानी जाणणाऱ्या मराठी माणसांचा काही तुटवडा नाही. पुण्यात विद्यापीठातून आणि खाजगी वर्गांतून ही भाषा कितीतरी वर्षे शिकवली जाते. तिची प्रवीणता परीक्षा पुण्यात होते. खालच्या पाचव्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत मुले-मुली जिद्दीने चढतात. पण ते ज्ञान यंत्रांचे नकाशे आणि पत्रव्यवहार यांत खर्च होते, कारण तिथे पगार आहे. कादंबरी अनुवादायला वर्ष जाते आणि हाती येते ते थोडे. दुकानात ‘काही जपानी द्या’ म्हटले तर समोर येते ते ‘इकिगाई’, आणि ते मूळचे स्पॅनिश पुस्तक! गिऱ्हाईक आहे ते असे.

आमच्या कारखान्यातल्या तरुणाने तिसरी पायरी ओलांडली आहे. त्याला आम्ही केइकोच्या कादंबरीची पहिली दोन पाने थेट जपानीतून करायला दिली. तो एका शब्दात अडकला. दुकानात गिऱ्हाईक शिरले की नोकर मोठ्याने म्हणतात, “इराश्शाइमासे!” त्याने ‘आपले स्वागत आहे’ असे लिहिले होते. गुरुजींना ते चालले. किराणा दुकानाच्या बाई म्हणाल्या, “असं कुणी दुकानात बोलत नाही. ‘या, बसा’ म्हणतो आम्ही.” तरुण म्हणाला, मूळ शब्दही ‘येणे’ याच अर्थाचा, आदराचा आहे, पण त्या दुकानात बसायला जागाच नाही, उभ्या उभ्या घ्यायचे आणि जायचे. पाऊण तास यावरच गेला. शेवटी ‘बसा’ खोडले, आणि वहीत राहिले ते एवढेच: “या!” पुढच्या रविवारी पुढचे वाक्य.