दोघांपुरती जागा

मालवणच्या एस. टी. स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेनें चालूं लागलें म्हणजे मधूनमधून एखाद्या घराच्या फाटकावर लहानशी पाटी आढळते : ‘न्याहारी-निवास. फक्त दोघांसाठीं.’ ‘होम-स्टे’ हा इंग्रजी शब्दही आतां त्या गल्ल्यांतून चांगलाच रुळला आहे. ही पाटी पाहून जुन्या वळणाच्या माणसाला थोडा संकोच वाटतो. परगांवचा माणूस दारीं आला तर त्याला गूळ-पाणी द्यावयाचें, पेजेला बसवावयाचें आणि पडवींत घोंगडी अंथरून द्यावयाची, अशी कोंकणांतील रीत होती. त्याबद्दल पैसा घेणें हलकें समजलें जाई. पैसे घेऊन जेवूं घालणारी खाणावळ निराळी आणि घर निराळें. मग घरानेंच पाटी कां लावावी, आणि तीही ‘फक्त दोघांसाठीं’ अशी कां, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रश्नाचें अर्धें उत्तर इतिहासांत मिळतें. एकेकाळीं मालवणची वाट समुद्रावरून होती. मुंबईहून सुटलेली आगबोट चाकरमान्यांना घेऊन येई, आणि येणारा बहुतेक माणूस कोणाचा तरी भाऊ, भाचा किंवा जांवई असे. अगदीं परका असा क्वचितच कोणी येई. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९७ सालीं तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. खुद्द मालवणला रेल्वे नाहीं. कुडाळ किंवा कणकवली येथें उतरून पुढें यावें लागतें. तरीही ज्यांचें या गांवांत कोणी नाहीं, अशीं माणसें त्यानंतर येऊं लागलीं. कोणी तारकर्लीच्या वाळूसाठीं येतो, कोणी देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते तें पाहण्यासाठीं, कोणी किल्ल्यासाठीं. परंतु त्यांत एक वर्ग असा आहे, कीं ज्याला पाहावयाचें असें फारसें कांहींच नसतें. दोघांना चार दिवस एकत्र राहावयाचें असतें, इतकेंच.

हें कारण किरकोळ समजूं नये. ज्यांनीं गिरगांवांतील किंवा लालबागेंतील चाळींत संसार केला आहे, त्यांना तें समजावून सांगावयास नको. एका खोलींत सासूसासरे, दीर, मुलें, पलंगाला पडदा, पाण्याच्या वेळा पहाटेच्या. लग्नाला तीस वर्षें झालीं तरी नवराबायकोला एकमेकांशीं मोकळ्या आवाजांत बोलण्याची संवय लागत नाहीं, कारण बोललेलें सर्वांना ऐकूं जातें. पुढें चाळ सुटून ब्लॉक मिळतो, पण तोंपर्यंत मुलगा लग्नाचा झालेला असतो, आणि आंतली खोली त्याला द्यावी लागते. नवविवाहितांची सोय महाबळेश्वर-माथेरानला पूर्वींपासून आहे. ज्यांचा नवेपणा स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं झोपण्यांत संपला, त्यांच्यासाठीं मात्र कोणी पाटी लावली नव्हती.

चिवल्याच्या किनाऱ्यामागें, माडांच्या आड, चिऱ्यांचें एक घर आहे. मंगलोरी कौलें, पुढें ओटी, डाव्या अंगाला पडवी, मागें न्हाणी आणि विहीर. घरधनी मुंबईस पोस्टांत नोकरी करून निवृत्त झाले आणि पत्नीसह गांवीं आले. आले ते घर राखण्यासाठीं म्हणून. पण आल्यावर त्यांना कळलें कीं घर राखणें म्हणजे दर वर्षीं कौलें शाकारणें, वाळवी लागलेले वासे बदलणें आणि माड शिंपणें, आणि हें सर्व निवृत्तिवेतनांतून होत नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांपासून चढत आलेलीं अकरा नांवें. त्यांत धाकट्या भावाचें नांव ठळक, कारण डोंबिवलींत राहणाऱ्या त्या भावास घर विकून आपला वांटा मोकळा करून हवा होता. गिऱ्हाईक तयार होतें. त्याला तेथें तीन मजली हॉटेल बांधावयाचें होतें. भावाचें चुकत होतें असें म्हणतां येणार नाहीं. दोन खोल्यांचा त्याचा ब्लॉक, घरांत दोन मुलगे, आणि थोरल्याचें लग्न ठरत आलेलें. कोंकणांतील कित्येक घरें वाईट माणसांनीं नव्हे, तर अशा रास्त अडचणींनीं मोडलीं आहेत.

पडवी भाड्यानें द्यावी ही कल्पना घरधनिणीची. तिनें आपल्या पाटल्या तारण ठेविल्या, पडवीला भिंत घालून घेतली, स्वतंत्र न्हाणीघर बांधविलें आणि खिडकी समुद्राकडे काढविली. यजमानांच्या मतें खोल्या तीन कराव्यात, म्हणजे कुटुंबेंच्या कुटुंबें येतील. तिनें ऐकलें नाहीं. तिचा हिशेब विहिरीपासून सुरू होत होता.

हा विहिरीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. किनाऱ्यावरच्या वाळूंत पावसाचें पाणी मुरतें आणि जमिनीखालीं आंत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण गोडें पाणी खाऱ्याहून किंचित् हलकें असतें. घिबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनीं याचें प्रमाण बसविलें : समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडें पाणी उभें असेल, तर त्याच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असतो. पण तोच नियम उलटाही लागू पडतो. उपसा करून वरची पातळी एक फूट खालीं आणली, कीं खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर येऊं पाहतें. समुद्रानें वेढलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत, याचें येणाऱ्याजाणाऱ्यांस नवल वाटतें. किल्ल्याचें काम १६६४ सालीं सुरू झालें, तेव्हां पंप नव्हते. घागरीनें जितकें काढावें तितकेंच पाणी निघे, हेंही त्या नवलांत धरलें पाहिजे. आज किनाऱ्यावर ज्या जागीं दहा-दहा खोल्यांना विजेच्या पंपानें पाणी चढवितात, तेथें एप्रिलांत चहा मचूळ लागूं लागतो. घरधनिणीला घिबेन ठाऊक नव्हता. तिच्या सासूनें सांगून ठेविलें होतें कीं विहीर दुपारीं उपसूं नये आणि तळ दिसेपर्यंत तर कधींच उपसूं नये. दोन माणसें अधिक झालीं तर विहीर पुरेल. सहा झालीं तर नाहीं. ‘फक्त दोघांसाठीं’ या शब्दांचा उगम असा होता. त्यांत प्रणयाचा भाग नंतर आला, तोही शहरांतून.

कामाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण जाहिरातींत ते नसतात. पहाटे पांचला उठून तांदुळाचें पीठ घोळावयाचें, नारळ खवून रस काढावयाचा, बिडावर घावणे घालावयाचे. कधीं आंबोळी, कधीं शिरवाळे. पाहुणे मासे खाणारे असतील तर बाजारांतून बांगडा नाहीं तर सुरमई आणून तिरफळ घालून कढी करावयाची. न खाणारे असतील तर काळ्या वाटाण्यांचें सांबारें. चादरी धुवावयाच्या, वाळू झाडावयाची. यजमान वही ठेवीत आणि मोबाइलवर पत्रव्यवहार करीत. हिशेबांत पत्नीच्या कष्टाचें खातें नव्हतें. ‘घरचेंच काम’ या दोन शब्दांत तें बसविलेलें असे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस शिल्लक काढतांना तिनें विचारलें, कीं ह्या कामाला बाई ठेविली असती तर तिला काय पडलें असतें? तेव्हांपासून वहींत एक सदर वाढलें.

ऑगस्ट २०१५ मध्यें मुंबईजवळ मढ आणि आक्सा येथील हॉटेलांवर व अतिथिगृहांवर पोलिसांनीं धाडी घालून सुमारें चाळीस जोडप्यांना ताब्यांत घेतलें. त्यावरून वर्तमानपत्रांतून पुष्कळ गदारोळ झाला. ती बातमी वाचल्यापासून यजमान धास्तावले. वास्तविक स्वतःच्या इच्छेनें एका खोलींत राहणाऱ्या दोन सज्ञान स्त्रीपुरुषांना त्या एवढ्याच कारणावरून अपराधी ठरविणारा कायदा या देशांत नाहीं. २०१९ सालीं मद्रास उच्च न्यायालयानेंही कोइमतूरच्या एका प्रकरणांत तसें स्पष्ट सांगितलें. पण पोस्टांत आयुष्य गेलेल्या गृहस्थाला कायद्यापेक्षां चौकशीची भीति अधिक असते. त्यांनीं नियम केला, कीं विवाहाचा दाखला पाहिल्यावांचून खोली द्यावयाची नाहीं.

पुढच्या पावसाळ्यांत एका रात्रीं नवाच्या सुमारास दोघें दारांत उभीं राहिलीं. तिशीच्या आंतबाहेर, नखशिखांत भिजलेलीं. ओळखपत्रें होतीं, पण आडनांवें निराळीं. लग्नाला पांच वर्षें झालीं, नांव बदललें नाहीं, दाखला कोल्हापुरास घरीं आहे, असें त्या बाईनें सांगितलें. यजमानांनीं नम्रपणें नकार दिला. घरधनीण तेव्हां मागच्या दारीं होती. ती पुढें आली तोंवर फाटक लागलें होतें.

‘‘ह्यां घर आसा, पोलीसचौकी न्हय,’’ एवढेंच ती म्हणाली, आणि त्या रात्रीं जेवली नाहीं.

सकाळीं ती चहाची किटली घेऊन स्थानकावर गेली. दोघें बाकावर बसलीं होतीं. बाईनें चहा घेतला, आभार मानले, आणि ‘आतां चला’ या आग्रहाला मात्र मान हलवून नकार दिला. कणकवलीची गाडी लागली तशीं तीं निघून गेलीं. त्यांचें लग्न झालेलें होतें कीं नव्हतें, हें घरधनिणीनें विचारलें नाहीं, आणि यजमानांनाही पुढें त्याचा उलगडा झाला नाहीं. दाखल्याचा नियम मात्र त्या दिवशीं गेला. दोघांचीं ओळखपत्रें, दोघें सज्ञान, इतकें पुरे. आणि परदेशस्थ असल्यास कायद्याप्रमाणें चोवीस तासांच्या आंत वर्दी. वहीच्या पहिल्या पानावर हें तिच्याच अक्षरांत लिहिलेलें आहे.

त्यानंतर माणसें येत गेलीं. एक वृद्ध जोडपें तर पहिले दोन दिवस खोलीबाहेर पडलेंच नाहीं. बाईंची प्रकृति बरी नाहीं कीं काय म्हणून घरधनीण विचारावयास गेली, तर दोघें खिडकीशीं बसून पत्ते खेळत होतीं. लग्नानंतर बेचाळीस वर्षांनीं त्या आजींनीं प्रथमच पत्ते हातीं घेतले होते. माहेरीं त्या पटाईत होत्या, ही गोष्ट आजोबांना त्या दिवशीं कळली. सर्वच पाहुणे असे नसतात. कांहीं दिवसभर मोबाइलमध्यें डोकें घालून बसतात आणि जातांना समुद्र मळका असल्याची तक्रार करून जातात.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि खोली बंद झाली. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलें, त्यांत दोन माड पडवीवर पडले आणि अर्धीं कौलें गेलीं. धाकट्या भावाचा फोन आला, तो विचारपूस करण्यासाठींच. पण शेवटीं त्यानें गिऱ्हाईक अजून थांबलें आहे हेंही सांगितलें. यजमानांचें मन त्या वेळीं बरेंच वळलें होतें. घरधनिणीनें उत्तर दिलें नाहीं. पाटल्या पुन्हां तारणावर गेल्या आणि दिवाळींत, पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघण्याच्या आधीं, पडवीवर नवीं कौलें चढलीं.

त्या हिवाळ्यांत धाकटा भाऊ पत्नीसह आला. कागदावर सही घ्यावयाची म्हणूनच आला होता. घरांत माजघर मोकळें असतां वहिनीनें त्यांचें सामान पडवीच्या खोलींत नेऊन ठेविलें. डोंबिवलीच्या त्या ब्लॉकांत आतां मुलगा, सून आणि तान्हें मूल होतें. नवराबायको कित्येक महिने दिवाणखान्यांत झोपत होतीं. पहिल्या रात्रीं खोलींतून बोलण्याचा आवाज उशिरापर्यंत येत होता. बोलणें काय होतें तें ऐकूं येत नव्हतें, कारण भिंत नऊ इंचांची आणि मध्यें समुद्र. चार दिवस कागदाचा विषय निघाला नाहीं. पांचव्या दिवशीं निघतांना भावानें तो पिशवींतून काढला, पाहिला, आणि ‘मे महिन्यांत येऊं तेव्हां बघूं’ असें म्हणून परत ठेविला.

गाडी गेल्यावर खोली झाडतांना घरधनिणीला उशीखालीं नोटा सांपडल्या. चार दिवसांचे, पाटीवरच्या दरानें, बरोबर मोजलेले. यजमान म्हणाले, भावाचे पैसे कसे घ्यावयाचे, परत पाठवूं. तिनें ते मोजले, वही उघडली आणि दिराचें व जावेचें नांव, गांव, आल्याची व गेल्याची तारीख लिहून पुढें रक्कम मांडली. मे महिन्याच्या पानावरही तिनें त्याच दोन नांवांपुढें आठ दिवस राखून ठेविले.