विकलेलं यंत्र परत घेताना

फोटोफ्रेमच्या पट्ट्या कापणारं पायाने दाबायचं यंत्र अडगळ म्हणून विकायचं आणि पुढे तेच शोधत फिरायचं, असं फ्रेमवाल्यांच्या धंद्यात होतं. विजेची करवत झपाट्याने चालते खरी, पण भुसा उडतो, काठ खरबरीत राहतो. या यंत्रात काटकोनात बसवलेली दोन पाती दोन्हीकडे ४५ अंशांचा गुळगुळीत काप देतात. परत घेताना नव्या रंगाला भुलू नका. पात्यांची धार बघा. आपलं आलापल्लीचं सागवान देखणं, पण त्यातली सिलिका धार लवकर बोथट करते. शिवाय थोडं थोडं कापत जा, नाहीतर लाकूड फाटतं. धारेला दोन्ही पाती जोडीनेच द्या. आणि हो, पैसे मोजण्याआधी चार तुकडे कापून चौकट जुळवा. सांध्यातून उजेड दिसला, तर भाव पाडा!