काऊंट पूर्ण नाही, सर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या नोकरीतलं काहीतरी सांग. पण रक्त वगैरे नको, नंतर जेवण आहे." मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. रक्त वगळलं तर माझ्या नोकरीत फारसं उरत नाही, तरी प्रयत्न करते.

आपल्या वर्गात ऑफ तास असला की मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहायचा. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत माझं नाव त्या फळ्यावर एकदाही आलं नाही. प्रगतिपुस्तकात "शांत व आज्ञाधारक" असा शेरा असायचा आणि आई तो शेजारणींना वाचून दाखवायची. नववीत एकदा गणिताच्या सरांकडून फळ्यावर वजाचं चिन्ह राहून गेलं. मला ते दिसलं. मी वहीत बरोबर करून घेतलं आणि गप्प बसले. शेवटच्या बाकावरून एकजण ओरडला, "सर, वजा राहिला!" सर हसले, फळा पुसला आणि म्हणाले, "बाकीचे काय झोपले होते का?" सर, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. मी झोपले नव्हते. मला भीड वाटली.

भीड भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. माझ्या धंद्यात ती त्याहून महाग पडते.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला कापडाचे मॉप वापरतात. ते सुरुवातीला मोजून घ्यायचे, पोट शिवायच्या आधी मोजायचे आणि शेवटी कातडी शिवताना पुन्हा मोजायचे. आकडा थिएटरमधल्या फळ्यावर लिहिलेला असतो. मॉप आत राहिला तर पेशंटला ताप, दुखणं, पू आणि पुन्हा ऑपरेशन. कधी जीवही जातो.

1996 सालची गोष्ट. नोकरीला दोन वर्षं झाली होती. रात्रीची केस, सगळे थकलेले. घेतलेले मॉप पंधरा, मोजले तर चौदा. मी म्हणाले, "सर, बहुतेक एक कमी आहे." सर्जन मान वर न करता म्हणाले, "आत काही नाही. नीट मोजा." मी पुन्हा मोजले. चौदाच. त्यांनी सुई मागितली आणि मी दिली. पेशंटला स्ट्रेचरवर घेतल्यावर मावशींना तो मॉप टेबलाच्या चाकाखाली सापडला. सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन मात्र मला झोप आली नाही. सुई देताना तो मॉप चाकाखाली आहे हे मला कुठे ठाऊक होतं? चौदाच्या पुढे "बहुतेक" लावायचं काही कारण नव्हतं. चौदा म्हणजे चौदा.

त्यानंतर मी सुधारले असं सांगायला आवडलं असतं. पण पुढची चौदा वर्षं मी तशीच होते. नशिबाने काऊंट जुळत राहिले.

2010 मध्ये आमच्याकडे एक प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात विमानापासून केली, तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. 27 मार्च 1977. कॅनरी बेटांवरचं टेनेरीफ विमानतळ, दाट धुकं. डच विमानाच्या अतिशय ज्येष्ठ कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच धावपट्टीवर वेग घेतला. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं अमेरिकन विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. कॅप्टनने ठासून सांगितलं, झालं आहे. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. मला त्या इंजिनिअरचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. तो माझाच होता.

पुढे विमान कंपन्यांनी हाताखालच्यांना बोलायला आणि वरच्यांना ऐकायला रीतसर शिकवायला सुरुवात केली. तिथून ते शिक्षण हॉस्पिटलांत आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनसाठी 19 कलमांची यादी काढली. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. काऊंट हे त्यातलं एक कलम. दुसरं असं की सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. आमचे सर्जन मला इतकी वर्षं नुसतं "सिस्टर" म्हणत. मी पहिल्यांदा पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा मास्कच्या वर त्यांच्या भुवया उंचावल्या.

त्या बाईंनी आम्हाला वाक्यं अक्षरशः पाठ करून घ्यायला लावली, पाढ्यांसारखी. आधी "मला काळजी वाटते." नाही ऐकलं तर "मला हे बरोबर वाटत नाही." तरीही नाही तर "हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, थांबा." "तुम्ही कधी ऐकतच नाही" असं म्हणायचं नाही, कारण मग भांडण त्या माणसाशी होतं आणि मॉप बाजूला राहतो. "जरा", "बहुतेक", "म्हणजे कसं" हे शब्द बंद. आरशासमोर सराव करताना माझी मुलगी हसून लोळली होती.

सहा महिन्यांत परीक्षा आली. तेच सर्जन, पुन्हा एक मॉप कमी. या वेळी मी म्हणाले, "काऊंट पूर्ण नाही, सर. एक मिळत नाही. मिळेपर्यंत मी सुई देणार नाही." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं. थिएटरमध्ये फक्त मॉनिटरची टिकटिक. सर चिडले, काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी हात आत घातला. मॉप प्लीहेच्या मागे होता.

आठवडाभर ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. मग मीच चहाच्या वेळी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलावं लागलं, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल. पण आकडा जुळला नाही तर मी पुन्हाही तेच म्हणेन." त्यांनी चहा संपवला, काही न बोलता उठले. पुढच्या केसला मात्र शिवायच्या आधी स्वतःच विचारलं, "सिस्टर, काऊंट?" ते निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले.

आता माझी फजिती. नंतर मी थिएटरची इन्चार्ज झाले. एकदा एका तरुण सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, ही ड्युटी लिस्ट मला मान्य नाही." माझ्या तोंडून पटकन निघालं, "उलट बोलायचं नाही." बोलले आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. भांडण शुक्रवारच्या रात्रपाळीचं होतं. दोघींनाही ती नको होती. आतापर्यंत मी अशा वेळी चिठ्ठी टाकत असे. या वेळी दोघींना बसवून फक्त विचारलं, का नको? मोठीच्या आईचं शनिवारी सकाळी डायलिसिस असायचं, तिला सातला घरी असणं भाग होतं. या धाकटीला रात्रपाळीचा त्रास नव्हता. तिच्या गावाहून पाळीच्या वेळेला धरून येणारी एसटी अंधार पडल्यावर पोहोचायची आणि स्टँडपासूनचा रस्ता सुनसान होता. तिला संध्याकाळी पाचच्या गाडीने येऊन आमच्या चेंजिंग रूममध्ये थांबायची परवानगी हवी होती, एवढंच. शुक्रवार तिने घेतला, तिचा रविवार मोठीने घेतला. तीन महिने धुमसत असलेलं प्रकरण वीस मिनिटांत मिटलं. प्रत्येक वेळी असं मिटत नाही. सुट्टीवरून लागलेलं एक भांडण अजून तसंच आहे आणि त्यातल्या दोघी माझ्यावरही नाराज आहेत.

पंधरा मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली असणार. आपला मॉनिटर तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मघापासून घड्याळ बघतो आहे. मागे फळा आहे, खडूही दिसतो. लिही रे बाबा माझं नाव.