नऊ सूत, बारा आटे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीचा एखादा भाग गेला, तर नाना पेठेत जाऊन गाडीचे नाव आणि साल सांगावे. दुकानदार फळीवरचे खोके काढून पुढे ठेवतो. घरातल्या जुन्या छोट्या लेथचा नट गेला, तर मात्र नाव सांगून उपयोग होत नाही. दुकानदार एवढेच म्हणतो, "माप आणा." तो बरोबरच बोलतो. पण माप कशाचे घ्यायचे आणि कुठे घ्यायचे, हे सांगायला त्याला वेळ नसतो. ते आज मी सांगणार आहे.

ज्यांनी लेथ पाहिला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. कुंभाराचे चाक आडवे केले आणि मातीच्या जागी लोखंड धरले, की झाला लेथ. लोखंड फिरते, हत्यार स्थिर राहून त्याला कापत जाते. दांडी गोल करणे, भोक मोठे करणे, आटे पाडणे ही सगळी कामे तो करतो. आणि विशेष म्हणजे स्वतःचे सुटे भागही तो बऱ्याच अंशी स्वतःच बनवू शकतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

बिबवेवाडीत आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा बंगला पुनर्विकासाला गेला. तळघरात वडिलांचा लेथ होता, इंग्लंडचा मायफोर्ड एमएल-७. वडील टूलरूममध्ये होते, मुलगा बँकेत गेला. निवृत्तीनंतर वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती करावी असे त्यांच्या मनात आले, तर लेथ आटे पाडेना. चार जणांनी सल्ला दिला, "कंपनी बंद झाली, भाग मिळत नाहीत, भंगारात द्या." भंगारवाला तर वजनकाटा घेऊन दारात येऊन गेला. नवीन सदनिकेत अशा धुडाला जागा कुठे, असे घरच्यांचेही म्हणणे होते. बिल्डरला जागा रिकामी करून द्यायला सहा आठवडे उरले होते.

कंपनी बंद झाली हे अर्धेच खरे. मायफोर्डचा नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधला कारखाना २०११ साली बंद झाला, पण नाव आणि साठा दुसऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी घेतला आणि काही भाग आजही त्या नावाने विकले जातात. मागवता येतात, मात्र बिडाच्या जड वस्तूचे विमानभाडे आणि जकात धरली की हिशोब डोळ्यांत पाणी आणतो. आपल्याकडच्या यंत्रांची स्थिती याहून अवघड आहे. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून लेथ बनवले, महाराष्ट्रातल्या किती कारखान्यांत ते राबले. तो कारखानाही बंद पडला आणि त्याचे नाव घेऊन भाग विकायला कोणी बसलेले नाही. म्हणजे यंत्र कोणतेही असो, नावापेक्षा मापावर भिस्त ठेवलेली बरी.

माझी पद्धत सांगतो. भागाकडे पाहून आधी विचारायचे, हा भाग या कारखान्याने स्वतःसाठी केला आहे, की साऱ्या जगासाठी जे ठरलेले आहे तेच यात घातले आहे? दुसऱ्या प्रकारचे भाग बिनघोर बाजारातून आणावेत. बॉल बेअरिंग घ्या. कडेला ६२०४ असा आकडा कोरलेला असतो. शेवटच्या ०४ ला पाचाने गुणले की आतले भोक आले, २० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. हा आकडा पुण्यात, टोकियोत, बर्लिनमध्ये सारखाच. टेलस्टॉकमध्ये बसणारा मोर्स टेपरही तसाच. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेतले माप आजही जसेच्या तसे चालते. दोन नंबरचा सेंटर बोहरी आळीत मागा, जुन्या लेथला बसेल. पट्ट्याचे मात्र जपून. जुना पट्टा ताणून लांब झालेला असतो, त्याचे माप घेऊ नये. त्यावर छापलेला आकडा वाचावा, तो पुसला असेल तर पुलीची खाच मोजावी. वरची रुंदी साधारण १३ मिलिमीटर असेल तर 'ए', १० असेल तर 'झेड'. पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये, दोन्ही बाजूंनीच धरला पाहिजे.

आमच्या गृहस्थांना मुख्य दांड्याच्या बेअरिंगची काळजी होती, कारण दांडा थोडा हलत होता. एमएल-७ ला तिथे बॉल बेअरिंग नसतेच, व्हाइट मेटलची दोन अर्धुके असतात. वरच्या टोपीखाली पातळ पापुद्र्यांची शिम असते. एकेक पापुद्रा सोलला की टोपी खाली बसते आणि हालचाल कमी होते. ते काम एका संध्याकाळी, एक पैसाही खर्च न करता झाले.

खरी गोम होती आट्यांत. इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. दशमान पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला आणि १९५८ पासून अंमल सुरू झाला. पण जुनी यंत्रे इंचातच राहिली आणि आमच्या पिढीचे टर्नर आजही सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. त्यामुळे पुण्याच्या कोणत्याही जुन्या वर्कशॉपच्या डब्यात मिलिमीटरचे, इंग्रजी व्हिटवर्थचे आणि अमेरिकन आट्यांचे बोल्ट एकत्र नांदत असतात. पाव इंची बोल्टाला व्हिटवर्थमध्येही इंचाला २० आटे आणि अमेरिकनमध्येही २०. एकात दुसरा जातो, पण आट्याचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६०. बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की आटे जातात. अर्धा इंचीला व्हिटवर्थमध्ये १२ आटे, अमेरिकनमध्ये १३. तो दोन फेरे जाऊन अडकतो आणि माणूस पान्याला नळी लावून आणखी आवळतो! पिच गेज नावाची पत्र्याच्या पात्यांची जुडी फार महाग नसते. ती खिशात असल्याशिवाय जुन्या बाजारात पाऊल टाकू नये.

एमएल-७ चा चक ज्या नाकाडावर बसतो, ते नऊ सूत जाडीचे आहे, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी, आणि त्याला इंचाला १२ आटे. नऊ सुती साध्या व्हिटवर्थ बोल्टाला ७ आटे असतात, त्यामुळे त्याचा तयार टॅप बोहरी आळीत धुंडाळून उपयोग नाही. हे माप त्या कारखान्याचे स्वतःचे. मग नवा चक बसवायचा कसा? चक सपाट पाठीचा घ्यायचा, कोणत्याही कंपनीचा चालतो. मधे बिडाची बॅकप्लेट करायची. तिच्या आत नऊ सुती बारा आटे लेथवरच पाडायचे. मग ती नाकाडावर चढवून तिचा पुढचा तोंडवळा त्याच लेथवर कातायचा, म्हणजे चक आपोआप मध्यावर येतो. आटे पाडायला आधी लेथ धड हवा, म्हणून क्रम उलटा लावायचा नाही: आधी हाफ नट, मग बाकी सगळे.

हाफ नट म्हणजे आटे पाडताना लीड स्क्रूला पकडणारा दुभंगलेला नट. तोच झिजला होता. लीड स्क्रू पाच सुती, इंचाला आठ आटे, अ‍ॅक्मे जातीचा. इथे एक लक्षात ठेवा. लीड स्क्रूचे माप चकाजवळ घेऊ नका, कारण सगळे काम तिथेच होते आणि स्क्रू तिथेच झिजतो. टेलस्टॉकच्या टोकाला तो कोराच असतो, माप तिथे घ्या. आणि एक आटा मोजण्याऐवजी दोन इंचांत किती आटे बसतात ते मोजा. सुदैवाने हे माप ठरलेल्या मापांपैकीच निघाले, टॅप मिळाला. पर्वती औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरने गनमेटलचा तुकडा कातून, टॅप मारून, शेवटी मधोमध चिरून दिला. आधी चिरून मग आटे पाडणारेही भेटतात. त्यांच्या नटाची दोन अर्धुके एकमेकांशी बोलत नाहीत.

राहिला प्रश्न गिअरचा. ४५ दात्यांच्या चेंज गिअरचे तीन दाते गेले होते. गिअर ओळखायची युक्ती सोपी आहे. बाहेरचा व्यास मोजा आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्याने भागा. शेजारचा ६० दात्यांचा धड गिअर ७८.७ मिलिमीटर भरला. भागिले ६२, उत्तर १.२७. हे मॉड्युल नव्हे, इंग्रजी वीस डीपी आहे. हल्लीच्या गिअरवाल्याकडे १.२५ मॉड्युलचा कटर असतो आणि तो म्हणतो, "जवळपास तेच आहे, चालून जाईल." चालत नाही. साठ दात्यांत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, शिवाय जुन्या दात्यांचा कोन साडेचौदा अंश, नव्यांचा वीस. सगळेच्या सगळे गिअर एकदम नव्याने करणार असाल तर खुशाल मॉड्युलमध्ये करा, लेथला फक्त दात्यांची संख्या कळते. एकच बदलायचा तर जुन्याच मापात हवा. हलक्या कामाला थ्री-डी प्रिंटरवर काढलेले नायलॉनचे गिअरही काही हौशी मंडळी वापरतात. मला ते फारसे रुचत नाही, पण यंत्र बंद ठेवण्यापेक्षा बरे.

वीस डीपीचे कटर भोसरीत शोधले, नव्या सीएनसीवाल्यांनी हसून वाटेला लावले. शेवटी गुलटेकडीला एका वृद्ध गिअरवाल्याकडे आठ कटरांचा जुना संच निघाला, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला. पंचेचाळीस दात्यांना त्यातला तीन नंबरचा लागतो. मुले या धंद्यात नाहीत, दिवाळीनंतर दुकान बंद करणार म्हणाले. आम्ही ४५ चा गिअर दिलाच, शिवाय घरचे बाकीचे तेरा गिअर नेऊन कोणते झिजायला आले आहेत ते त्यांना पाहायला सांगितले. त्यांनी आणखी दोन बाजूला काढले. लेथ तेवढ्यात नव्या भाड्याच्या जागेच्या गॅलरीत, ताडपत्रीखाली जाऊन बसला आहे. गिअर पुढच्या बुधवारी मिळायचे आहेत.