पुस्तक आहे, पण सापडत नाही
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ग्रंथालय आणि माहितीशास्त्र या विषयात मी पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘पुस्तकं द्यायची-घ्यायची, त्यात एवढं शिकायचं काय?’ नाहीतर, ‘हल्ली सगळं गुगलवर मिळतं, मग लायब्ररी हवी कशाला?’ दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जुनं मराठी पुस्तक नुसतं स्कॅन करून ठेवलं आणि त्याचं नाव रोमन लिपीत वेडंवाकडं नोंदवलं, तर गुगल तरी ते कुठून दाखवणार? पहिल्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि आज त्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात होते वर्गीकरणापासून. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळ्या ज्ञानाची दहा भागांत वाटणी केली. जगातली असंख्य ग्रंथालयं आजही तीच पद्धत वापरतात. त्यात २०० हा वर्ग धर्माचा. त्यातले २२० ते २८० बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना दिलेले. बाकीच्या जगाचे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने बसवलेले. हिंदू धर्माचा क्रमांक २९४.५. साहित्यातही तेच. इंग्रजीला ८२० असा प्रशस्त वाडा, आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या पलीकडे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वर्गात आम्ही सगळे हसलो. परीक्षेपर्यंत त्याची सवय झाली होती. मला ही सवयच जास्त विचार करण्यासारखी वाटते.

मग अभ्यासाला येतात डॉ. एस. आर. रंगनाथन. मद्रासला गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. त्याच त्या पट्ट्या, तेच स्क्रू. पण जोडाल तशी वस्तू तयार. पुस्तकाचा विषयही असा सुट्या भागांतून जुळवता येईल, हे त्यांना तिथे सुचलं, आणि १९३३ साली त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती वापरणारी ग्रंथालयं थोडी आहेत, कारण ती शिकायला अवघड आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मीही तिला नावं ठेवली आहेत. पण तिच्यातल्या एका युक्तीवर माझा जीव जडला.

साहित्याच्या पुस्तकाला क्रमांक देताना रंगनाथन लेखकाचं नाव घेतच नाहीत. ते त्याचं जन्मवर्ष घेतात. राम गणेश गडकऱ्यांचं नाटक असेल तर ‘ओ’ म्हणजे साहित्य, १५५ म्हणजे मराठी, २ म्हणजे नाटक आणि ‘एम ८५’ म्हणजे १८८५ सालचा जन्म. एकाच वर्षी जन्मलेले दोघे निघाले, तर पुढे आणखी एक अंक. आता हेच गडकरी कविता लिहिताना गोविंदाग्रज होतात आणि विनोदी लेख लिहिताना बाळकराम. आडनावावरून पुस्तकं लावणाऱ्या ग्रंथालयात एकाच माणसाची तीन घरं होतात. रंगनाथनांच्या कपाटात कवितेच्या आणि नाटकाच्या जागा वेगळ्या, पण दोन्हींवर पाटी एकच, एम ८५.

मराठीत हा प्रश्न किरकोळ नाही. केशवसुत, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस, केशवकुमार. आपली अर्धी कविता टोपणनावांनी लिहिलेली! म्हणून लघुप्रबंधासाठी मी हाच विषय घेतला: एका तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, सुमारे २० हजार पुस्तकं, आणि त्यांच्या लेखकांची नावं.

तिथे काम सुरू करून आठवडा झाला असेल. एक वयस्क बाई आल्या आणि मालतीबाई बेडेकरांची ‘बळी’ आहे का, असं त्यांनी विचारलं. तिथल्या मदतनिसाने ‘बेडेकर’ काढून पाहिलं आणि तो म्हणाला, ‘नाही हो काकू, बेडेकरांचं ते नाही आपल्याकडे.’ पुस्तक दोन कपाटं सोडून होतं. विभावरी शिरूरकर या नावाखाली.

मालतीबाई माहेरच्या बाळूताई खरे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघडपणे आलं होतं की मोठी खळबळ उडाली, आणि ही विभावरी कोण याची चर्चा गावोगाव झाली. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. ‘बळी’ आली १९५० मध्ये, पुन्हा विभावरी या नावाने. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हा अभ्यास मात्र बेडेकर नावाने. म्हणजे तीन नावं, आणि या वाचनालयाच्या कार्डांवर ती तीन परक्या बायकांसारखी एकमेकींकडे पाठ करून उभी.

मग सगळ्यांचं मिळून एकच नाव करून टाकावं का? मला तसं वाटत नाही. विभावरी हे नाव त्यांनी हौसेखातर घेतलं नव्हतं, त्या काळी ते चिलखत होतं. ते कॅटलॉगमधून काढून टाकणं म्हणजे त्यांनी काय धोका पत्करला होता तेच पुसणं. आमच्या शास्त्रात यासाठी साधी सोय आहे: ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’. प्रत्येक नाव जागच्या जागी राहू द्यायचं आणि मधे दार ठेवायचं. पुरुषांच्या टोपणनावांसाठी अशी दारं बहुतेक ठिकाणी आहेत, कारण गोविंदाग्रज म्हणजे कोण हे शाळेतच शिकवतात. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांसाठी ती मला फार कमी दिसली.

संगणक आला की हे आपोआप सुटेल, असं पुष्कळांना वाटतं. या वाचनालयाने ‘कोहा’ ही मोफत प्रणाली घेतली आहे. ती मूळची न्यूझीलंडची. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे. प्रणाली चांगली आहे. अडचण आपल्या लिपीची. अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ शोधा. ‘कऱ्हा’ या शब्दातला तो वळणदार अर्धा र संगणकावर एकाहून अधिक पद्धतींनी टंकता येतो. पडद्यावर अक्षर अगदी सारखं, पण आतली सांकेतिक ओळ वेगळी. नोंद करणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि शोधणाऱ्याने दुसरी, की उत्तर येऊ शकतं: शून्य पुस्तकं. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तर ‘लक्षात’, ‘लक्षांत’ आणि ‘लक्ष्यात’ अशा तीन तऱ्हांनी नोंदवलेली दिसते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले, पुष्कळ अनुस्वार गेले. पण मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलं असेल तसंच उतरवायचं, हा आमचा नियम. नियम बरोबरच आहे. फक्त आजचा वाचक आजच्या लेखनाने शोधणार, हे धरून दुसरी नोंद जोडावी लागते, आणि ती माणसालाच जोडावी लागते.

एवढ्या बारकाव्यांसाठी जीव का टाकायचा, याचं उत्तर मला त्या वाचनालयातल्या एका यादीने दिलं. दहा वर्षांत एकदाही वाचकाने न नेलेली पुस्तकं बाद करायची यादी. आमच्या भाषेत निर्लेखन. मी ती कार्डांशी ताडून पाहिली. त्यातली कित्येक पुस्तकं नको असलेली नव्हती, ती मागणाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. चुकीच्या नावाखाली, तुटक्या नोंदीखाली पडून होती. न सापडणारं पुस्तक कोणी नेत नाही, न नेलेलं पुस्तक रद्दीत जातं, आणि गेल्यावर कोणाला कळतही नाही.

कार्यवाह भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, ‘बाळ, दरवर्षी नवी पुस्तकं येतात. कपाटं तेवढीच. ठेवू कुठे?’ त्यांचंही खोटं नाही. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात रिकामी भिंत ही फार महाग गोष्ट असते. शेवटी असं ठरलं की यादी सहा महिने थांबवायची, आणि तेवढ्यात मी तिच्यातल्या प्रत्येक पुस्तकाची नावं जुळवून द्यायची.

या कामात माझा आधार आहेत शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली, आणि पुढे १९५० पर्यंतची दुसरीही. संगणक नव्हता, झेरॉक्स नव्हतं. ते जाडजूड खंड उघडले की माझ्या तक्रारी आपोआप बंद होतात.

यादीतली बरीच पुस्तकं आता मार्गी लागली आहेत. काही अडली आहेत. त्यांतलं एक छोटं पुस्तक माझ्या टेबलावरच असतं. पहिली काही पानं गेलेली, साल नाही, आणि लेखिकेच्या नावाच्या जागी छापलंय फक्त ‘एक भगिनी’. जन्मवर्ष माहीत नाही, म्हणजे रंगनाथनांची युक्ती इथे चालत नाही. प्रस्तावनेखाली छापखान्याचं गाव तेवढं वाचता येतं. या आठवड्यात दात्यांच्या सूचीत त्या गावापासून शोधायला सुरुवात करणार आहे.