सुझोऊचें सिंहवन

उद्यान म्हटलें कीं हिरवळ, फुलांचे ताटवे आणि मधोमध एखादें कारंजें, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र मनांत बाळगून जो कोणी चीनमधील सुझोऊ नगरींतल्या ‘सिंहवन’ नामक बागेंत पाऊल टाकील, त्याचा प्रथम विरसच व्हावयाचा. तेथें समोर येतात ते दगड. करडे, सुरकुतलेले, जागोजाग भोंकें पडलेले, एकावर एक चढविलेले. साडेसहाशें वर्षांहून अधिक काळ लोक हे दगड पाहावयास येत आहेत, आणि ते सुंदर आहेत कीं नाहींत याविषयीं खुद्द चिनी रसिकांचेंही एकमत झालेलें नाहीं.

सुझोऊ हें शांघायच्या पश्चिमेस सुमारें १०० किलोमीटरांवर असलेलें कालव्यांचें जुनें शहर. येथील सधन घराण्यांनीं व सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनीं आपल्या वाड्यांच्या भिंतींआड बागा केल्या. सिंहवनाचा जन्म मात्र धनिकाच्या हौसेंतून झालेला नाहीं. मंगोल राजवटीच्या उतरत्या काळांत, १३४२ सालीं, त्येनरू वेइझ या बौद्ध भिक्षूकरितां त्याच्या शिष्यांनीं येथें मठ उभारला. या भिक्षूचा गुरु चुंगफंग मिंगबन हा त्येनमू पर्वतावर ‘सिंहकडा’ नांवाच्या स्थळीं राहत असे. गुरूची ती आठवण मठाच्या नांवांत राहिली. शिवाय बांबूच्या बेटांतले कित्येक दगड बसलेल्या सिंहांसारखे दिसत; आणि बुद्धाच्या उपदेशास सिंहनाद म्हणण्याची चाल तर आपल्या देशांतूनच तिकडे गेलेली. हे भिक्षु ‘छान’ पंथाचे. छान हें आपल्या ‘ध्यान’ शब्दाचें चिनी रूप. जपानांत त्याचेंच ‘झेन’ झालें. (मराठींतील ‘छान’शीं त्याचें नातें जोडण्याचा मोह आवरावा हें बरें.) १३७३ सालीं नी त्सान या विख्यात चित्रकारानें या स्थळाचें चित्र काढलें आणि भिक्षूंच्या या एकांताची कीर्ति रसिकांत पसरली.

आतां हे दगड आले कोठून? शहराच्या पश्चिमेस ताइहू नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. तेथील खडक चुनखडीचा. पाण्यांत मिसळलेला कर्बवायु ती चुनखडी हळूहळू विरघळवितो, लाटा तिला झिजवितात, आणि कित्येक शतकांनीं त्या खडकाची अशी चाळण होऊन जाते. पाथरवट छिन्न्या घेऊन पाण्यांत उतरत, हवा तो तुकडा सोडवीत आणि मोठ्या नावेवरून दोर लावून तो वर ओढीत. उत्तम दगडाचे निकषही ठरलेले आहेत. तो अंगानें सडपातळ असावा, त्याच्यावर सुरकुत्या असाव्यात, वर ओतलेलें पाणी त्याच्या अंतरंगांतून वाट काढीत खालीं झरावें, आणि त्याच्या छिद्रांतून पलीकडचें दिसावें. सुंग काळांतील मी फू या चित्रकाराविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, एक विलक्षण दगड दृष्टीस पडतांच त्यानें दरबारी पोशाख करून त्यास नमस्कार केला आणि त्याला ‘वडील बंधु’ म्हणून हांक मारली.

एका चित्रकाराचा असा छंद कोणास बाधत नाहीं. तोच छंद सम्राटास जडला म्हणजे काय होतें, हें त्याच काळांत चीननें पाहिलें. सम्राट हुइझुंग हा स्वतः उत्तम चित्रकार. काइफेंग राजधानींत त्यास एक कृत्रिम पर्वत रचावयाचा होता. त्यासाठीं दक्षिणेंतून दगड व दुर्मिळ झाडें गोळा करण्याचें काम त्यानें झू म्येन या सुझोऊच्याच गृहस्थाकडे सोंपविलें, आणि ११०५ सालीं सुझोऊस त्याची कचेरी थाटली. कोणाच्या अंगणांत चांगला दगड आहे असें कळलें कीं अधिकारी येऊन त्यावर सरकारी खूण करीत. मग तो बाहेर काढण्यासाठीं त्या घराची भिंत पडली तरी तक्रारीची सोय नव्हती. धान्याच्या नावा दगडांसाठीं अडकवून ठेवल्या. उंच दगड जावा म्हणून वाटेंतील पूल पाडले. अखेर ११२० सालीं फांग ला याच्या पुढारीपणाखालीं दक्षिणेंत बंड झालें. तें मोडलें खरें, परंतु ११२७ सालीं उत्तरेकडील जुर्चेन लोकांनीं राजधानी घेतली व हुइझुंगास कैद करून नेलें. वेढ्याच्या दिवसांत त्याच्या त्या लाडक्या पर्वताचे दगड फोडून शत्रूवर फेंकण्याच्या कामीं आणले गेले. जे दगड राजधानीस पोंचलेच नाहींत ते सुझोऊच्या आसपास राहिले, आणि सिंहवनांतील कांहीं दगड त्यांपैकींच होत असें परंपरा सांगते. तेव्हां, श्रोतेहो, या दगडांकडे केवळ कौतुकानें पाहणें जरा अवघडच जातें.

बाग सारी मिळून पावणेतीन एकरांच्या आसपास. पण तिच्यांतील दगडी टेकडी म्हणजे एक चक्रव्यूह आहे. नऊ वाटा व एकवीस गुहा अशी तिची गणना सांगतात. गुहेंत शिरावें तों वाट खालीं उतरते, वळते, आणि थोड्या वेळानें आपण कमानीवर उभे असतों. समोरच्या कड्यावरील माणसाशीं बोलतां येतें, परंतु त्याच्यापाशीं जावयास निघालें कीं वाट भलतीकडेच नेते. वस्तुतः अंतर चार हातांचें. पाय मात्र डोंगर चढल्याचा हिशोब देतात. मुलांचा आनंद तर पाहण्यासारखा असतो.

सम्राट च्येनलुंग यास ही बाग इतकी आवडली कीं तिच्या दोन प्रतिकृति त्यानें उत्तरेंत करविल्या. त्यांपैकीं पेकिंगजवळची, १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच सैन्यांनीं जो राजोद्यानाचा विध्वंस केला, त्यांत गेली. सिंहवनांतील मंडपावर त्याच्या हातचीं ‘खरा आनंद’ अशा अर्थाचीं दोन अक्षरें आहेत. त्यानें प्रथम ‘खरोखर मौजेचें आहे’ अशा अर्थाचीं तीन लिहिलीं होतीं, आणि एका चतुर पंडितानें मधलें अक्षर बक्षीस मागून घेऊन बादशहाची भाषा सुधारली, अशी गोष्ट सांगतात.

उलट शेन फू हा सुझोऊचाच लेखक. १७६३ सालीं जन्मलेल्या या माणसानें आपल्या आत्मचरित्रांत या टेकडीस कोळशाच्या राखेच्या ढिगाची उपमा दिली. वर शेवाळ आणि आंत मुंग्यांचीं भोकें, डोंगराचा भव्यपणा नांवालाही नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. दुरून पाहणाऱ्यास हा अभिप्राय पटण्याजोगा आहे. दगडांची गर्दी फार झाली आहे. भिक्षूंच्या बांबूच्या बेटांतील निवांतपणा तींत उरलेला नाहीं. परंतु ही टेकडी दुरून पाहण्यासाठीं नव्हेच. चित्राप्रमाणें तिच्यासमोर उभा राहिलेला शेन फू आणि पोरासारखा तिच्यांत शिरलेला बादशहा, यांत या एका बाबतींत तरी बादशहा अधिक शहाणा ठरतो.

पुढें ही बाग अनेक हातांतून गेली. १९१७ च्या सुमारास ती रंगांच्या व्यापारांत धनाढ्य झालेल्या बेइ घराण्यानें विकत घेतली व दुरुस्त केली. १९५४ पासून ती सर्वांस खुली आहे, आणि २००० सालीं जागतिक वारशाच्या यादींत तिचें नांव आलें. या घराण्यांतील एक मुलगा उन्हाळ्याच्या सुटींत या गुहांतून खेळत असे. तोच पुढें अमेरिकेंत आय. एम. पेई या नांवानें प्रसिद्धीस आलेला स्थापत्यविशारद. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयापुढील कांचेचा पिरॅमिड त्याचाच. उतारवयांत त्यानें सुझोऊचें नवें संग्रहालय बांधलें. तें २००६ सालीं उघडलें. तेथें दगडांची टेकडी असावी हें ओघानेंच आलें. परंतु जुन्या कारागिरांची बरोबरी करण्याच्या फंदांत तो पडला नाहीं. ताइहूचे भोंकांचे दगड सोडून त्यानें साधे दगड कापविले आणि त्यांचीं पातीं पांढऱ्या भिंतीपुढें एकामागें एक उभीं केलीं. तळ्याच्या अलीकडून पाहिलें म्हणजे कागदावर शाईनें डोंगररांग काढल्यासारखें दिसतें. ही कल्पना त्यास दगडाला नमस्कार करणाऱ्या त्या मी फूच्या चित्रशैलीवरून सुचली होती. या डोंगरांत शिरतां मात्र येत नाहीं. त्याची हौस असणाऱ्यांनीं सिंहवनांतच जावें. तेथून या संग्रहालयापर्यंत पायीं दहा मिनिटेंही लागत नाहींत.